झिजलेल्या सीलचं पान

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की त्यानंतर त्याचा आणि शब्दांचा संबंध पूर्वीसारखा राहत नाही. थोरामोठ्यांना तो क्षण एकांतात, नदीच्या काठी वगैरे येतो. भगवान साळव्यांना तो वागळे इस्टेटमध्ये, पंप बनवणाऱ्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर, मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेलासुद्धा, कारण तोवर त्यांच्या पडद्यावर लाल अक्षरांत चूक येऊन बसली होती. मधल्या पावणेदोन तासांत मात्र ते फार सुखी होते. इतके की टेबलावर आलेला चहा त्यांनी गार झाल्यावर प्यायला आणि तो गार आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

झालं होतं ते एवढंच. कंपनीच्या वेबसाइटचं काम बघणाऱ्या सिद्धेशने, वय वर्षं सव्वीस, त्यांना खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि एक साधी फाइल उघडली. साळव्यांच्या जुन्या मॅन्युअलमधलाच परिच्छेद तिच्यात होता. मथळ्याच्या आधी एक जाळीसारखं चिन्ह, ठळक शब्दाच्या दोन्ही अंगांना चांदण्या, बाकी मजकूर सरळ, पोस्टकार्डावर लिहावा तसा. याला मार्कडाउन म्हणतात हे साळव्यांना मागच्या महिन्यातच कळलं होतं आणि त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं. पण मग सिद्धेशने त्या परिच्छेदाखाली दोन टोकदार कंसांच्या मध्ये एकच शब्द टाकला आणि पान उघडून दाखवलं. मजकूर जिथे थांबत होता तिथे एक बटण आलं होतं. दाबलं की शेजारचा आकडा एकाने वाढत होता. म्हणजे आधी वाक्य होतं, मग एक जिवंत वस्तू होती, आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वाक्य सुरू होत होतं. "याला कंपोनंट बोलायचं, काका," सिद्धेश म्हणाला. "लिहिता लिहिता मध्येच ठेवायचा. बटण ठेवा, चित्र ठेवा, काय पण ठेवा." साळव्यांनी ते बटण सतरा वेळा दाबलं. अठराव्या वेळी त्यांच्या छातीत काहीतरी हललं. हा आजार नसावा म्हणून ते उठून पाणी प्यायले, आणि परत येऊन त्यांनी एकोणिसाव्यांदा बटण दाबलं.

साळवे सत्तावीस वर्षं पंपांची मॅन्युअल लिहीत होते. पंप घेणारा प्रत्येक माणूस ती पिशवीतून काढतो, पंपावर ठेवतो आणि पंपाबरोबर ओली होऊ देतो, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. मालकांचा मुलगा सर्वेश, जो आता कंपनी बघत होता, त्याने सोमवारी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की मॅन्युअल आता वेबसाइटवर जाणार. शुक्रवारी साळव्यांनी स्वतः एक पान लावून दाखवायचं. जमलं तर काम त्यांच्याकडे राहील, नाही जमलं तर ते अंधेरीच्या एका एजन्सीकडे जाईल आणि साळवे तळमजल्यावर स्टोअरमध्ये बसतील. हे त्याने इतक्या आदराने सांगितलं की साळवे थँक्यू म्हणून बाहेर आले, आणि जिन्यात पोचल्यावर त्यांना कळलं की आपण कशाबद्दल आभार मानले. स्टोअरचं त्यांना एवढं काही नव्हतं. तिथे पंखा चांगला होता. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. त्यांचं एक वाक्य होतं, एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, ‘सील अंशतः झिजल्यास ते तत्काळ बदलावे’. सील म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती बसणारी रबरी कडी. ती झिजली की पाणी मोटरीत जातं आणि मोटर जळते. सगळ्या मॅन्युअलमध्ये खरं महत्त्वाचं वाक्य हे एकच, बाकीची चाळीस पानं त्याच्या सोबतीला. ते छापून आलं त्याच आठवड्यात सर्व्हिसचा मेकॅनिक पोपट पुस्तिका हातात घेऊन वर आला होता. "साळवेसाहेब," त्याने विचारलं होतं, "अंशतः म्हणजे किती?" साळव्यांनी सांगितलं, थोडंसं. पोपट म्हणाला, थोडंसं म्हणजे किती? साळव्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक फट करून दाखवली. पोपटने ती फट बघितली, मान डोलावली आणि गेला. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीत ते वाक्य तसंच छापलं जात होतं आणि फट काही छापता येत नव्हती. अजून आठ-दहा वर्षं ते वाक्य स्वतः सांभाळायची त्यांची तयारी होती. ते अंधेरीला जावं, तिथल्या कुणी पोराने ‘अंशतः’ काढून ‘काही प्रमाणात’ करावं, हे मात्र त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

तर मंगळवारी सकाळी बटण दाबता दाबता त्यांना दिसलं की ती फट आता छापता येईल. ते सिद्धेशला म्हणाले की मला बटण नको, मला एक सील पाहिजे. पट्टी सरकवली की झिजत जाणारं. नव्यापासून पार गेलेल्यापर्यंत, आणि बदलायची वेळ येईल तिथे खाली एक थेंब. सिद्धेश म्हणाला, "हो जाएगा काका, गुरुवारपर्यंत देतो. पण पान तुम्हाला लावायला लागेल. सर्वेश सरांनी सांगितलंय, साळवेंच्या पानाला हात लावायचा नाही." मग साळव्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. सूचनांची प्रिंट काढली. पडद्यावर वाचलेलं त्यांच्या डोक्यात जात नसे, तिथून ते परस्पर निघून जाई. एकोणीस पानं निघाली. त्यांनी ती टाचली, पिवळ्या पेनाने रंगवली आणि एकेक पायरी करत गेले. काळ्या खिडकीत आज्ञा लिहून चार पॅकेजं मागवली. नियमांच्या फाइलमध्ये नोंद केली की यापुढे नावाच्या शेवटी ही नवी अक्षरं असलेल्या फाइलींनाही पान समजण्यात यावे. नोंद करताना आपण राजपत्रात काही प्रसिद्ध करत आहोत असं त्यांना वाटलं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. शेवटची पायरी होती कंपोनंटची यादी ठेवणाऱ्या एका छोट्या फाइलची. ती त्यांनी लिहिली, आणि नीट एका फोल्डरमध्ये, त्याच्या आत दुसऱ्या फोल्डरमध्ये, त्याच्याही आत ‘कंपोनंट’ असं नाव दिलेल्या तिसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही कागद बाहेर पडू दिला नव्हता. जेवढा कागद महत्त्वाचा, तेवढं कपाट आतलं, असा त्यांचा नियम होता आणि त्याबद्दल ऑडिटवाल्यांनी दोनदा त्यांचं कौतुक केलं होतं. मग त्यांनी पान उघडलं आणि सगळा पडदा लाल झाला.

खोपटच्या डेपोतून संध्याकाळी कल्याणची बस धरताना ती एकोणीस पानं त्यांच्या हातातच होती. कंबरेच्या दुखण्यापासून ते बसने जात. वेळ दुप्पट लागे, पण बसायला मिळे. खिडकीशी बसून ते लाल चुकीचा विचार करायला लागले आणि अर्ध्या तासाने त्यांच्या लक्षात आलं की आपण चुकीचा नाही, आईच्या पत्रांचा विचार करतोय. रमाबाई ठाकुर्लीच्या चाळीत ब्लाउज शिवायच्या. रंगाला रंग मिळवून कापड पाठवायची ती इचलकरंजीची मावशी, तिचा नवरा तिथे मागावर कामाला होता. आईला अक्षरओळख बेताची, म्हणून पत्र भगवान लिहायचा. ती सांगायची, ताईला लिव्ह की चार मीटर पायजे, रंग असा. भगवान विचारायचा, असा म्हणजे कसा? "असा म्हंजे असा," ती म्हणायची, आणि कात्रीने गिऱ्हाइकाच्या साडीच्या आतल्या टोकाची बोटभर चिंधी कापून, तो ‘असा’ लिहीत असे त्याच्या बरोबर पुढे टाचणीने टोचायची. पुढे पुन्हा मजकूर, की इकडे सगळे बरे आहेत. पाकिटातून टाचणीचं टोक बाहेर यायचं. मावशीकडून पार्सल यायचं आणि त्यातला रंग त्या चिंधीला इतका मिळायचा की कुठली कुठून कापली ते सांगता येऊ नये. बसच्या काचेवर डोकं टेकून साळव्यांना एकदम दिसलं की हे तेच आहे. शब्द, शब्दांच्या मध्ये टोचलेली खरी वस्तू, आणि मग पुन्हा शब्द. आपली आई हे पोस्टाच्या पाकिटातून करत होती. त्यांना इतकं हसू आलं की शेजारच्या बाईंनी मांडीवरची पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

पण हसू कोनगावच्या पुलापर्यंतच टिकलं, कारण आठवण तेवढ्यावर थांबत नव्हती. ते कॉलेजात होते, मराठी घेऊन बीए करत होते, पहिलं वर्ष. चाळीतल्या पायलच्या लग्नाच्या साडीवरचा ब्लाउज आईकडे शिवायला आला होता. पत्र लिहून झालं, आईने चिंधी टोचली आणि ती पाण्याला गेली. भगवानने ते पत्र पुन्हा वाचलं आणि त्याला लाज वाटली. मराठी घेऊन बीए करणाऱ्या मुलाच्या हातचं पत्र, आणि त्यात ‘रंग असा’. त्याने टाचणी काढली, चिंधी चुलीत टाकली आणि दुसरा कागद घेऊन लिहिलं, ‘फिकट अबोली, किंचित वांगी झाक असलेला’. ‘किंचित’वर तो बराच वेळ खूश होता. दहा दिवसांनी कापड आलं ते फिकट होतं, अबोली होतं आणि त्याला किंचित वांगी झाकही होती. त्या साडीच्या जवळपासही ते नव्हतं. पायल लग्नात पांढऱ्या ब्लाउजवर बसली. आईने ते कापड साडीला लावून बघितलं. मावशीची नजर आता अधू झाली असेल एवढंच म्हणाली, आणि त्या चार मीटरच्या उशांच्या खोळी शिवल्या. त्यानंतर तिने मावशीला रंगाचं पत्र घातलं नाही. भगवानने तिला कधी सांगितलं नाही. पुढची अकरा वर्षं तो स्वतःच्या विशेषणावर डोकं ठेवून झोपला.

ठाकुर्लीला घरी पोचल्यावर त्यांनी बायकोला, दर्शनाला, हे सगळं सांगायचं ठरवलं, पण तोंडातून चिंधीऐवजी कंपोनंटच बाहेर पडला. दर्शना महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि दिवसभर समजावून सांगून आल्यामुळे घरी कुणी काही समजावलेलं तिला आवडत नसे. तरी तिने पिठलं ढवळता ढवळता सगळं ऐकून घेतलं. साधा मजकूर, टोकदार कंस, मध्येच हलणारं सील. "म्हणजे अहो, लहान मुलांची पुस्तकं असतात तसं," ती म्हणाली. "पान उघडलं की हत्ती उभा राहतो." साळवे म्हणाले तसं नाही. ती म्हणाली, मग कसं? त्यांनी तोंड उघडलं, अंगठा आणि तर्जनी वर केली, आणि भाकरी मागितली. जेवताना ते मधूनच गालात हसत होते. शुक्रवारी नोकरीचं काय ते ठरणार असलेला माणूस असा हसतो याची दर्शनाला काळजी वाटली, पण तिने आणखी एक भाकरी वाढली.

बुधवारी दुपारपर्यंत साळव्यांनी एकोणीस पानं चार वेळा वाचली. लाल पडदा हलत नव्हता. चार वाजता त्यांनी हार मानली आणि सिद्धेशला विचारलं, हात न लावता नुसतं बघशील का. सिद्धेशने हात मागे बांधून बघितलं. साळवे एकेक फोल्डर उघडत गेले आणि तो तिसऱ्यापर्यंत वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "काका, ही यादीवाली फाइल एवढ्या आत काय करते? ती एकदम बाहेर लागते. दाराच्या पण बाहेर." साळवे म्हणाले की इतकी महत्त्वाची फाइल बाहेर कशी टाकायची. "चपलांचा स्टँड कुठे असतो तुमच्याकडे? कपाटात?" सिद्धेश म्हणाला. "आलेला माणूस पहिला तिकडेच बघणार ना. तिथे नाय दिसला तर तो आत येतोच कशाला?" साळव्यांनी खिशातून एकोणीस पानं काढली. अकराव्या पानावर ते वाक्य होतं, की फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवावी, त्याशिवाय काही चालणार नाही. त्यांनी ते पिवळ्या पेनाने रंगवलेलंही होतं. मुळाशी म्हणजे खोल, असं त्यांनी धरलं होतं. इतकी वर्षं सूचना लिहून आपण सूचना कशा वाचतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी फाइल उचलली, तिन्ही फोल्डरांतून बाहेर आणली आणि दाराबाहेर ठेवली. पडदा पांढरा झाला. मग त्या पांढऱ्यावर त्यांचा मथळा आला, मोठा, काळा, जाळीचं चिन्ह गळून पडलेला, आणि त्याखाली ओळीने त्यांचीच वाक्यं. साळवे खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. सिद्धेशचा हात हातात घेऊन त्यांनी तो जरा जास्तच वेळ हलवला. सिद्धेश म्हणाला, "काका, बस. सगळे बघतात."

गुरुवारी सील आलं. सिद्धेशने ते खरोखर चांगलं केलं होतं. पट्टीला बोट लावलं की काळी कडी उमटायची, पट्टी सरकेल तशी तिची कड खालावत जायची, आधी चकाकी जायची, मग धार, मग एका बाजूला बारीक ओरखडा पडायचा, आणि ठरावीक जागी खाली एक थेंब जमायला लागायचा. साळव्यांनी दिवसभर एकच काम केलं. ते वाक्य पुन्हा लिहिलं. ‘अंशतः’ खोडलं. ‘किंचित’ सुचलं, तेही खोडलं. त्या शब्दाकडे त्यांनी जरा दचकूनच बघितलं. ‘साधारण’, ‘बऱ्यापैकी’, ‘लक्षात येण्याइतपत’, सगळे येऊन गेले. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘सील असं झाल्यास ते तत्काळ बदलावे’, आणि ‘असं’च्या लगेच पुढे, ओळ न मोडता, टोकदार कंसांत ते सील टोचलं. संध्याकाळी पाच वाजता त्यांनी पट्टी थेंबापर्यंत सरकवली आणि सोडून दिली. वाक्य पूर्ण झालं होतं. एकोणीस वर्षांनी. आता आई असती तर तिला फोनवर दाखवलं असतं आणि त्या पांढऱ्या ब्लाउजचंही सांगून टाकलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. मग असंही आलं की नसतं सांगितलं. आनंदात माणूस स्वतःविषयी काहीही बोलतो.

शुक्रवारी सर्वेशच्या केबिनमध्ये पाच माणसं होती, त्यांत पोपट, पन्नाशीला आलेला, हाताला ग्रीस. साळव्यांनी स्वतः पान उघडलं. बोलायला त्यांनी चार वाक्यं पाठ केली होती, ती एकही आठवली नाही, म्हणून त्यांनी फोन सर्वेशच्या पुढे धरला. सर्वेशने पट्टी सरकवली. मागे आणली. पुन्हा सरकवली. पाचव्यांदा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला आणि अकाउंटवाले बाबुराव मागून म्हणाले, साहेब, आम्हालाही द्या. फोन हातोहात फिरून पोपटपाशी आला. पोपटने अंगठा पँटला पुसला आणि पट्टी फार हळू ढकलली, चकाकी गेली, धार गेली, ओरखडा आला, आणि थेंब दिसायच्या केसभर आधी त्याने अंगठा थांबवला. "हां," तो म्हणाला. "इतकं. एवढंच विचारत होतो मी तुम्हाला." सर्वेश काहीतरी म्हणत होता, की एजन्सीचं राहू द्या, मॅन्युअल साळवेंकडेच राहील, इतका साधा विचार आपल्याला आधी कसा सुचला नाही. साळवे मान हलवत होते. त्यांना समोर दिसत होतं ते पाकिटातून बाहेर आलेलं टाचणीचं टोक.

"फक्त एक करा," सर्वेश म्हणाला. "सोसायट्यांच्या बेसमेंटमधल्या पंपरूममध्ये रेंज नसते. पोपट, याच्या प्रिंट काढून लॅमिनेट करा, सगळ्या सर्व्हिसच्या गाड्यांत लावून टाका." कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वागळे इस्टेटमध्ये कुठलीही नवी गोष्ट आली की आधी तिची प्रिंट निघते. साळव्यांनाही वाटलं नाही. ते स्वतःच प्रिंटरपाशी गेले. कागद गरम गरम बाहेर आला. मथळा होता, वाक्य होतं, ‘सील असं’ होतं, आणि त्यापुढे रिकामी चौकट होती. बोट लागल्याशिवाय चित्र उमटत नव्हतं, आणि प्रिंटरला बोट नव्हतं. पोपट मागोमाग आलाच होता. पोपटने कागद त्यांच्या हातातून घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा केला. मग वरच्या खिशात हात घालून त्याने सकाळीच कुठल्याशा सोसायटीतून काढलेलं एक झिजलेलं सील बाहेर काढलं, चौकटीत ठेवून बघितलं, आणि बारीक तारेने दोन जागी कागदाला शिवून टाकलं. "बसलं," तो म्हणाला. साळव्यांनी हात लावला. कड मऊ होती, एका बाजूला ओरखडा होता. रंगाला रंग मिळावा तसं ते मिळत होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पोपटला खाली नेऊन चहा पाजला, आणि या वेळी स्वतःचाही गरम असताना प्यायला.

सीलमुळे कागद लॅमिनेशनच्या मशीनमध्ये जाईना, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाड्यांत टांगले गेले. अकरा गाड्यांना अकरा सीलं जमवायला पोपटला दोन आठवडे लागले. पान वेबसाइटवर आहे. सिद्धेशने पहिल्या महिन्याचा तक्ता काढला तेव्हा ते नऊ वेळा उघडलं गेलं होतं. त्यातलं आठ वेळा ठाकुर्लीहून आणि एकदा खोपटच्या डेपोतून.